ॲब्रँकिएटा म्हणजे नेमकं कोण? गांडूळ, जळू, का आपण?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. लातूरला बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, झूलॉजी घेतलंय. लायब्ररीत एक जुनं पुस्तक घावलं, कव्हर गेलेलं, बाइंडिंग सुटलेलं पण आकृत्या अशा झकास की खाली ठेववत नाही. त्यात वर्म्सच्या चॅप्टरमधी एक शब्द आला ॲब्रँकिएटा, आणि उदाहरणं दिलीत गांडूळ, जळू. बरं म्हणलं, माशाला असतेत तसले कल्ले नसलेले वर्म्स असतील. मंग पुढं लई पानांनी व्हर्टिब्रेट, म्हणजे पाठीचा कणा असलेले, सुरू झाले आणि तिथं परत तोच शब्द, आणि तिथं खाली सरडे, साप, पक्षी, गाय-म्हैस आणि माणूस! आता गांडूळ आणि माणूस एका ग्रुपात कामून टाकलेत हे काय डोक्यात शिरना. कॉलेजात विचारलं तर सिलॅबसमधी नाही सोड म्हणले. एक मित्र म्हणतो जमिनीवरचे सगळे, दुसरा म्हणतो फुप्फुस असलेले सगळे. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, गुगलवर दोन ओळीच्या वर काही मिळंना.

टपरीवरचा, जालना

गांडूळ आणि माणूस एका ग्रुपात कसे म्हणून विचारायलास, आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप बघितला नाहीस तू अजून.

खडूफळा, नांदेड

लेकरा, प्रश्न बेस काढलास. मी झूलॉजीच शिकवलं, आता रिटायर आहे, वेळच वेळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

ब्रँकिया म्हणजे कल्ले, मूळ ग्रीक, पुढं 'अ' लागला की नाहीत. विश्वकोशी मराठीत कल्ल्यांना क्लोम म्हणतात, आम्हीही फळ्यावर तेच लिहायचो, पण मासळी घेताना क्लोम दाखव म्हणलं तर भोईण आपल्याच तोंडाकडं बघत बसेल, म्हणून इथं कल्लेच म्हणू. जाता जाता एक, ब्रँकियल आणि ब्राँकियल यात पोरं दरवर्षी आपटतात. ब्राँकस म्हणजे श्वासनळीची फांदी, ब्राँकायटिस होतो तो तिथं, त्याचा कल्ल्यांशी काही संबंध नाही.

आता तुझ्या पुस्तकाचं. फ्रान्समधे कुविए म्हणून मोठा माणूस होऊन गेला, १८१७ ला त्याचा प्राणिसृष्टीच्या वर्गीकरणावरचा ग्रंथ आला, त्यात त्यानं ॲनेलिड म्हणजे वलयी कृमींचे कल्ले बघून तीन भाग पाडले. नळी करून राहणारे, त्यांचे कल्ले डोक्याकडं. पाठीवर कल्ले असलेले. आणि तिसरे कल्लेच नसलेले, त्यात गांडूळ आणि जळू. हा तुझा पहिला ॲब्रँकिएटा. पुढं पृष्ठवंशीयांचं वर्गीकरण करताना काही लेखकांनी तसेच दोन ढीग केले. मासे आणि उभयचर एकीकडं, कारण त्यांना आयुष्यात कधी ना कधी कल्ले असतात, आणि सरपटणारे, पक्षी, सस्तन दुसरीकडं, कारण ते अंड्यात किंवा पोटात असल्यापासून मरेपर्यंत एकदाही कल्ल्यानं श्वास घेत नाहीत. हा दुसरा ॲब्रँकिएटा. पाटी एकच पण ढीग दोन, आणि त्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. तुझ्या पुस्तकवाल्यानं दोन्ही ठेवले आणि हे कुठंच सांगितलं नाही एवढाच घोळ आहे. म्हणजे गांडूळ आणि माणूस एका ग्रुपात कुणीच टाकलेले नाहीत, काळजी करू नको.

दुसऱ्या ढिगाला आता ॲम्निओटा म्हणतात, हेकेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६६ ला दिलेलं नाव. मला ते पहिल्यापासून जास्त पटतं, कारण गर्भाभोवती पाण्याची पिशवी धरणारं एक आवरण असतं त्यावरून ते आलंय, आणि ते आवरण या सगळ्यांना खरंच एका पूर्वजाकडून मिळालंय.

सरळसोट, बीड

सर एवढं कशाला लांबवायचं. जमिनीवर राहतं त्येला कल्ले नसतेत, पाण्यात राहतं त्येला असतेत. विषय संपला.

गोधडी, परभणी

संपला कसा दादा? खेकडं कधी हातानं साफ केलंय का? पावसाळ्यात आमच्याकडं बांधाच्या बिळातले काळे खेकडे आणतेत. नांग्या आधी मोडून घ्यायच्या, मंग मागच्या बाजूनं अंगठा घालून पाठीचं कवच उचकायचं. मधे पिवळा मगज असतो आणि दोन्ही अंगाला पायांच्या मुळाशी करड्या रंगाच्या मऊ टोकदार पाकळ्यांची रांग, बोट फिरवलं की एकावर एक आडव्या होतेत, त्यात बारीक वाळू अडकलेली असती. ती रांग ओढून फेकून द्यायची, तशीच राहिली तर रस्सा कचकच लागतो. सासूबाईनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणल्या ही खेकड्याची फुप्फुसं. तेच कल्ले की! आणि हे खेकडं रातभर रानात हिंडतंय, रस्त्यावर गाडीच्या लाइटात दिसतंय. जमिनीवर हाय, आणि कल्लेबी हायेत.

खडूफळा, नांदेड

वा ताई. खेकड्याचे कल्ले कवचाखाली बंद खोलीत असतात, तिथं ओल धरून ठेवतो तो, म्हणून बाहेर फिरू शकतो. त्याचं बीळ खाली पाणी लागेपर्यंत गेलेलं असतं ते उगाच नाही. ओल संपली की खेळ संपला.

नाथसागर, पैठण

उलटं उदाहरण आमच्याकडून घ्या. आमचं घर भोयाचं, जायकवाडीच्या पाण्यावर धंदा. गिऱ्हाईक हमेशा म्हणतं मरळीला कल्ले नसतेत म्हणून ती बाहेर जिती राहती. अरे असतेत! गलफड उचलून दाखवतो तरी पटत नाही लोकांला. मरळीच्या कल्ल्याच्या वरच्या अंगाला डोक्यात एक पोकळी असती, ती वर येऊन तोंडानं हवा घेती आणि तिथं भरून ठेवती. ओल्या गोणपाटाखाली ठेवली तर घंटे तशीच पडून राहती, रोहू-कटला मात्र बघता बघता गार. पण गंमत पुढं हाय. मरळ जाळ्यात खालीच गुतली आणि तिला वर येऊन हवा घेता आली नाही तर ती पाण्यात बुडून मरती. कल्ले असून, पाण्यात, मासा बुडून मरतो. हे नव्या पोरांला सांगितलं की हसतेत.

मागूर आणि सिंघी बी तसलेच. मागूरला कल्ल्याजवळ झाडाच्या फांदोऱ्यावानी अवयव असतो, सिंघीला कल्ल्यापासून मागं शेपटीकडं जाणाऱ्या हवेच्या दोन पिशव्या.

टपरीवरचा, जालना

पाण्यात बुडून मेलेला मासा. आता पंचनामा कोण करणार याचा.

सरळसोट, बीड

बरं एक-दोन उदाहरणं सोडली तर. पाण्यात जन्म काढतंय आणि कल्ले न्हाईत असं तर दाखवा.

गोधडी, परभणी

घरचा हौद बघा दादा. डासाच्या अळ्या.

खडूफळा, नांदेड

ताईंनी अचूक दाखवलं. डासाची अळी पाण्यातच वाढते पण श्वास हवेतूनच घेते. हौदात बघा, डोकं खाली आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलटी लटकलेली असते, सावली पडली की वळवळत खाली जाते आणि थोड्या वेळात परत वर येते, यावंच लागतं. म्हणून साचलेल्या डबक्यावर तेल टाकतात, तेलाचा थर आला की नळी बंद आणि अळी गुदमरून मरते. मासा या तेलानं तसा लगेच मरणार नाही कारण तो पृष्ठभागावर अवलंबून नाही. आपल्याकडं तर नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येणार म्हणून प्रत्येक घरात ड्रम, रांजण, हौद भरलेले, २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तवापासून साठवायची सवय आणखी पक्की झाली. मग आरोग्य खात्याची माणसं येऊन गप्पी मासे सोडतात. एकाच हौदात कल्लेवाला गप्पी आणि बिनकल्ल्याची अळी, आणि पहिला दुसऱ्याला खातो.

बरं, सगळे कीटक बिनकल्ल्याचे असंही नाही. मोठ्या कीटकाला हवेच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं, पण चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि त्यांचे कल्ले गुदाशयाच्या आत असतात, पाणी मागून आत घेतात आणि बाहेर सोडतात. धोका वाटला की तेच पाणी जोरात सोडून पुढं सटकतात.

मांजराकाठ, लातूर

सर हे लई भारी हाय. पण मुळात जमिनीवर कल्ले कामून चालत नाहीत? हवेत तर ऑक्सिजन जास्त असतो ना?

खडूफळा, नांदेड

जास्त म्हणजे फारच जास्त. एक लिटर हवेत जवळपास २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि २५ अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सहा मिलिलिटरच्या आसपास. शिवाय पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट जड. म्हणजे माशाला जड माल ओढून त्यातून चिमूटभर काढायचं असतं, म्हणून कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांत रक्त एका दिशेनं आणि पाणी उलट दिशेनं वाहतं, त्यानं पाण्यातला बहुतांश ऑक्सिजन निघतो. हे पापुद्रे पाण्यात तरंगून एकमेकांपासून सुटे राहतात. बाहेर काढले की स्वतःच्या वजनानं बसतात, एकमेकांना चिकटतात, वरून वाळतात. हवेत ऑक्सिजन भरपूर आहे पण घ्यायला जागाच उरत नाही. रोहू म्हणून तडफडतो.

आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ अंशाला सात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमधल्या शेततळ्याचा हिशोब तुम्हीच करा.

नाथसागर, पैठण

त्यात पहाटे तर लईच कमी असतो. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रातीला तेबी घेतंच की. शेततळ्यात मासे सोडलेल्यांनी पहाटे पाचला जाऊन बघावं, मासे तोंडं वर काढून फक-फक करताना दिसले की लगेच पंप लावून पाणी उडवायचं. सूर्य वर येईपर्यंत वाट बघितली तर टोपलं भरून मेलेले काढावे लागतेत. मरळीला मात्र काही होत नाही, तिला वरची हवा बास.

रानवारा, औसा

रामराम. म्या शेतकरी माणूस, तुमच्या इंग्रजी शब्दातलं काय कळत न्हाई पण एक इचारतो. २०२२ ला आमच्या लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनचा पार चट्टामट्टा केला व्हता, उगवून दोन पानावर आलं की रातीत साफ, मपल्या रानात दुबार पेरणी करावी लागली तीबी खाल्ली. ह्या गोगलगायीला कल्ले असतेत का? कारण पाऊस आला की भसाभस वर येतेत आन ऊन पडलं की गायब, म्हणून मला वाटायचं पाण्यातलंच जनावर हाय.

खडूफळा, नांदेड

रामराम भाऊ. तुमची शंखी गोगलगाय पक्की ॲब्रँकिएट. जायंट आफ्रिकन स्नेल म्हणतात तीच ती, मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ ला बेन्सन नावाच्या शंखशास्त्रज्ञानं मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली, तिथून देशभर. तिच्या जातभाईंना पल्मोनेट, म्हणजे फुप्फुसवाल्या, म्हणतात. पूर्वजांना कल्ले होते, ते गेले आणि जिथं कल्ले असायचे त्याच पोकळीच्या छताला रक्तवाहिन्यांचं जाळं येऊन तिथं फुप्फुस झालं.

बघायचं असेल तर सकाळच्या ओलीत एक मोठी गोगलगाय धरा, हातात ग्लोव्ह्ज घाला, नंतर साबणानं हात धुवा, तिच्या अंगात मेंदूपर्यंत जाणाऱ्या जंताच्या अळ्या असू शकतात. ती पूर्ण बाहेर येऊन चालायला लागली की शंखाच्या कडेखाली उजव्या बाजूला जी मांसल झालर दिसते तिथं नजर ठेवा. अचानक एक गोल भोक उघडतं, आतला काळोख दिसतो, थोडा वेळ उघडं राहतं आणि हळूहळू मिटून जातं, तिथं भोक होतं हेसुद्धा कळत नाही. तोच तिचा श्वास. भोक बारीक आणि बंद होणारं असल्यानं आतली ओल टिकते. तरी अंगावरनं पाणी जातंच, म्हणून ऊन पडलं की ती दगडाखाली, बांधाच्या गवतात, मातीत. उन्हाळ्यात शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून महिनोन्‌महिने पडून राहते आणि पहिल्या पावसाला उठते. पाण्यातली नाही, ओलीतली आहे.

नीट रिपीटर, लातूर

सर आमच्या पुस्तकात पायला आहे, ॲपल स्नेल. ती पण गोगलगायच ना? तिला कल्ले आहेत असं दिलंय.

खडूफळा, नांदेड

पायलाला कल्लाही आहे आणि फुप्फुसाची पिशवीही, दोन्ही. पाण्यात खाली असली की कल्ला, पाणी आटलं किंवा खराब झालं की मानेची बाजूची घडी नळीसारखी करून वरची हवा घेते. तळ्याच्या कडेला शंखाच्या तोंडाला घट्ट झाकण असलेली गोल तपकिरी गोगलगाय सापडते ती हीच. शंखीला असं कायमचं झाकण नसतं.

आणि याच्या उलट लिम्निया, डबक्यातली छोटी टोकदार शंखाची. पाण्यातच जन्म काढते पण कल्ले नाहीत, हवा घ्यायला वर येते. शेळ्या-म्हशींच्या लिव्हरमधे जो पानासारखा चपटा जंत निघतो त्याची पिल्लं याच गोगलगायीत वाढतात.

सरळसोट, बीड

म्हणजे जमिनीवरच्या खेकड्याला कल्ले, पाण्यातल्या लिम्नियाला न्हाई, पायलाला दोन्ही. मंग दुसरा मित्र म्हणतो तसं, फुप्फुस असलेले म्हणजे ॲब्रँकिएट?

खडूफळा, नांदेड

तेही नाही. गांडुळाला ना कल्ले ना फुप्फुस, सगळा श्वास ओल्या कातडीतून. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं पण आपल्यासारखं पेशीत भरलेलं नाही, थेट द्रवात विरघळलेलं. जळूचंही श्वसन बहुतेक कातडीनंच. अमेरिकेत तर सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर, त्यांचं एक मोठं घराणं आहे, ४०० हून जास्त जाती, चार पाय, पाठीचा कणा, सगळं आहे, पण बहुतेकांना मोठेपणी कल्लेही नाहीत आणि फुप्फुसंही नाहीत. कातडी आणि तोंडाचं आतलं अस्तर एवढ्यावर जगतात. जनावर बारीक असेल, ओलीत असेल, फार पळापळ नसेल तर कातडीवर भागतं.

चिखलपाणी, संभाजीनगर

मधेच घुसतो. मी ॲक्वेरियमवाला, मासे पाळतो. कुविए साहेबांच्या पहिल्या ढिगालाही भोक आहे. माशांना घालायला ट्युबिफेक्स आणतो ते गांडुळाच्या जवळचेच, त्यांना कल्ले नाहीत, डोकं चिखलात आणि शेपटी वर पाण्यात हलवत बसतात. पण एकदा तळ्याचा गाळ आणून काचेच्या बरणीत ठेवला, पाणी निवळल्यावर बघतो तर चिखलातून वर आलेल्या काही शेपट्यांना दोन्ही बाजूनी केसाळ झालर, भिंग लावलं तर एकेक बोटासारखी, आणि सगळी झालर एका लयीत हलतेय, टिचकी मारली की सर्रकन आत. शोधल्यावर नाव मिळालं, ब्रँकियुरा सॉवरबी. म्हणजे गांडुळाच्या भावकीतला पण शेपटीला कल्ले! नावातच ब्रँकिया.

खडूफळा, नांदेड

शाब्बास, हेच दाखवणारा कुणी यावा असं वाटत होतं. बेडार्ड नावाच्या इंग्रजानं १८९२ ला त्याचं वर्णन केलं आणि गंमत म्हणजे लंडनच्या बागेत कमळासाठी केलेल्या गरम पाण्याच्या टाकीत त्याला तो सापडला, मूळ मुलूख मात्र आशियाचा, आपल्या तळ्यांत त्याला घरच्यासारखं. जळवांतही तसंच, कासवाच्या अंगावर राहणारी ओझोब्रँकस नावाची जळू आहे, तिच्या अंगाला दोन्ही बाजूनी झुबक्यासारखे कल्ले. म्हणजे गांडूळ-जळूवाले सगळे बिनकल्ल्याचे हे विधानच टिकत नाही.

नीट रिपीटर, लातूर

मग बेडूक कुठं बसतो सर? मोठ्या बेडकाला तर कल्ले नसतात.

टपरीवरचा, जालना

पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळेधमक होऊन रातभर ओरडतेत ते कुठंबी बसतेत, खिडकीखाली सुद्धा.

खडूफळा, नांदेड

पिवळे होतात ते नर, भारतीय बुलफ्रॉगचे, विणीच्या दिवसापुरते. या बेडकांच्या तंगड्या परदेशात जायच्या, १९८७ ला सरकारनं निर्यात बंद केली.

प्रश्नाचं उत्तर. मोठा बेडूक बिनकल्ल्याचा, खरंय, पण तो पाण्यातला शेपटीवाला बेडूकमासा असताना कल्ल्यावर जगला होता. दुसऱ्या ढिगाच्या व्याख्येत आयुष्यात एकदाही कल्ले नकोत अशी अट आहे, म्हणून बेडूक बाहेर. उभयचरांत तर ॲक्सोलोटलसारखे काही आयुष्यभर बाहेरचे झुपकेदार कल्ले ठेवतात, त्यांना आणि कल्ले गळून पडणाऱ्यांना जुन्या पुस्तकांत दोन वेगळी नावं होती.

आता पुढचा प्रश्न तूच विचारशील, की माणसाच्या गर्भालाही कल्ले असतात म्हणे. नसतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात घशाच्या दोन्ही बाजूला कमानी आणि खळगे दिसतात एवढंच. माशात याच कमानींवर कल्ले बसतात, आपल्यात त्यांचं दुसरंच काही होतं. पहिल्या खळग्यापासून मधल्या कानाची पोकळी आणि कानातून घशात उतरणारी नळी, दुसऱ्यापासून टॉन्सिलची जागा, तिसऱ्यापासून थायमस आणि खालच्या दोन पॅराथायरॉइड ग्रंथी. घाटात गाडी चढताना कान बंद होतो आणि आवंढा गिळला की सुटतो, तो त्या पहिल्या खळग्याच्या नळीमुळं. पण त्यातून पाणी कधी वाहत नाही, श्वास कधी होत नाही.

सरळसोट, बीड

एवढं सगळं ऐकल्यावर मला तर वाटायलंय शब्दच रद्दीत टाका. कशालाच बसंना.

खडूफळा, नांदेड

गटाचं नाव म्हणून रद्दीतच गेलाय. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर नाही ते सगळे एका भावकीचे असं कुणी म्हणलं तर तुम्ही हसाल ना, तसंच आहे. गोगलगायीनं कल्ले वेगळ्या वाटेनं घालवले, आपल्या पूर्वजांनी वेगळ्या, आणि कित्येक बारीक जीवांना ते कधी नव्हतेच. नसणं सारखं दिसतं, पण कारण प्रत्येकाचं निराळं.

पण विशेषण म्हणून शब्द आजही रोजच्या वापरात आहे, त्याला हात लावू नका. समुद्री कृमींवर काम करणारे तो सर्रास लिहितात. टेरेबेलिड म्हणून एक गट आहे, त्यातल्या बऱ्याच जणांना डोक्यामागं लाल फांद्यांसारखे कल्ले असतात, पण पॉलिसिरस आणि त्याच्या जवळच्यांना नसतात. तिथं वर्णनात ॲब्रँकिएट एवढा एक शब्द लिहिला की हातातला नमुना कुठं शोधायचा नाही ते लगेच कळतं. ओळख पटवायला उपयोगी, नातं सांगायला नाही.

मांजराकाठ, लातूर

सर मी वहीत असं लिहिलंय, बघा बरं. 'ॲब्रँकिएट म्हणजे ज्याला कल्ले नसतात असा प्राणी. जुन्या वर्गीकरणात हा शब्द गांडूळ-जळूंच्या गटाला आणि वेगळ्या ठिकाणी सरीसृप, पक्षी, सस्तन यांच्या गटाला वापरत. आता गट म्हणून वापरत नाहीत. असा प्राणी कातडी, फुप्फुस किंवा हवानलिका यातल्या कशानंही श्वास घेतो आणि जमिनीवर किंवा पाण्यात कुठंही राहतो.'

खडूफळा, नांदेड

उत्तम. फक्त कल्ले 'कधीच' नसतात का 'मोठेपणी' नसतात हे लिही, नाहीतर बेडकावरून कुणीतरी तुला अडवेल.

नीट रिपीटर, लातूर

विंचवाला काय असतं सर? पटकन सांगा, उद्या टेस्ट आहे.

खडूफळा, नांदेड

बुक लंग, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखी फुप्फुसं, पोटाखाली चार जोड्या. आता झोप.

रानवारा, औसा

सर मंग एक राहिलंच. गोगलगायीला कल्ले न्हाईत तर पाण्यात टाकून मरायला पायजे ना. आमच्याकडं पोरं बादलीत गोळा करून पाण्यात टाकतेत आन सकाळी बादली रिकामी.

खडूफळा, नांदेड

साध्या पाण्यात लगेच मरत नाही भाऊ, भोक बंद करून घेते, तास न्‌ तास तग धरते आणि बादलीच्या भिंतीवरून चढून निघून जाते. मिठाचं किंवा साबणाचं दाट पाणी करा, मग खड्डा खणून चुना टाकून पुरा. नाल्यात तर अजिबात फेकू नका, खालच्या शिवारात जातात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाच्या कडेनं ठेवा, सकाळी उन्हाच्या आधी उचला, खाली गोळा झालेल्या सापडतील. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकायच्या असतील तर कृषी सहायकाला विचारून, आणि कुत्री, कोंबड्या, लेकरं त्या रानात जाणार नाहीत असं बघून. अंडी मातीत थोडी खोल असतात, साबुदाण्यापेक्षा मोठी, पिवळसर पांढरी, एका घोसात शंभरच्या वर. ती दिसली तर आधी ती काढा.

रानवारा, औसा

पोती हायेत घरात. गूळबी हाय. औंदा पेरणीच्या आधीच लावतो.